डावखुरी रेघ

बाईंच्या नाकावर राग असतो, असं त्यांचे विद्यार्थी म्हणायचे. ते आठवड्यातून एकदाच यायचे, म्हणून असं म्हणायचे. घरातल्या दोघांना ठाऊक होतं की तेवढ्याशा नाकावर तो मावणं शक्यच नाही. बाईंचा राग जिन्यापासून गच्चीपर्यंत सगळीकडे असायचा आणि त्याला वळसा घालूनच चहा करावा लागायचा. घरातले दोघं म्हणजे बाईंचे यजमान नाना आणि वरच्या मजल्यावर एकटी राहणारी त्यांची लेक ठिपकी. ठिपकीनं चाळिशी ओलांडली होती, पण लहानपणी आईच्या खोलीतून बाहेर येताना तिच्या गालावर नेहमी रंगाचा एखादा ठिपका असायचा, तेव्हा पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं.

गेला महिनाभर त्या रागाला धरबंध उरला नव्हता. बाईंच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू एकापाठोपाठ एक काढले होते. डॉक्टरनं बजावलं होतं की काळा चष्मा लावायचा आणि धुळीत पाऊल टाकायचं नाही. बाई पेस्टलनं चित्रं काढायच्या, आणि पेस्टल म्हणजे दुसरं काय? दाबून कांडी केलेली रंगाची धूळच ती. खरखरीत कागदावर घासायची, निम्मी कागदावर बसते आणि निम्मी फरशीवर. म्हणजे बाईंना स्वतःच्याच खोलीत जायची बंदी झाली, आणि ती बंदी घालणारा डॉक्टर हाताशी नसल्यामुळे तिचा सगळा हिशेब नानांकडून वसूल होत होता.

काळा चष्मा वर करून करून त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूशी नव्यानं भांडण काढलं. न्हाणीघरातल्या फरश्या पिवळट नव्हत्याच, चक्क पांढऱ्या होत्या. नानांचा काळा कोट काळा नव्हता.

"चार वर्षं हा कोट घालून हिंडताय, आणि तो निळा आहे हे मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"मी कशाला विचारू? मला तो काळा दिसत होता!"

नाना पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. ते कोट काढून ठेवायचे आणि दुसऱ्या खोलीत जायचे.

पण या सगळ्या आरडाओरड्याच्या खाली बाईंना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. डोळ्यांवर पडदा चढत होता त्या चार वर्षांत त्यांनी काही हात आखडता घेतला नव्हता. फोल्डर भरून चित्रं केली होती, त्यांचं प्रदर्शन ठरलं होतं, चष्मा उतरला की दुसऱ्याच दिवशी गॅलरीवाला चित्रं न्यायला येणार होता. आता निळा कोट ज्या डोळ्यांना काळा दिसत होता, त्या डोळ्यांनी काय काय करून ठेवलं असेल? आणि कांड्यांवर नाव असतं म्हणावं, तर तीही सोय बाईंनी ठेवली नव्हती. नवी कांडी घरात आली की त्या आधी तिच्यावरचं कागदी वेष्टण सोलायच्या आणि कडकन दोन तुकडे करायच्या. "नाव वाचून रंग लावणं म्हणजे हॉटेलात जाऊन नुसता मेनू वाचून घरी येणं," असं वर्गात सांगायच्या. त्यामुळे ट्रेमध्ये शेकडो बिननावाचे तुकडे. जांभळा आणि तपकिरी एकसारखे दिसायला लागले असतील, तर हातात कुठला आला हे देवालाच ठाऊक. जन्मभर लोकांना रंग शिकवले, आणि शेवटी आपणच रंगाला आंधळ्या निघालो, तर चित्रकार म्हणवून घ्यायला तोंड कुठे राहील, हा प्रश्न बाईंना झोपू देत नव्हता.

चष्मा उतरवायची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी बाई दवाखान्यातून आल्या त्या चप्पल न काढताच खोलीत शिरल्या. ठिपकीही नुकतीच दुकानातून आली होती. ती भिंतीच्या रंगांच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा नाहीतर उशीचा अभ्रा घेऊन यायचं आणि "अगदी असाच हवा" म्हणायचं, ठिपकी तो रंग जुळवून डब्यात मिसळून द्यायची. लेक काय करते असं कुणी विचारलं, की बाई "रंगांतच आहे" एवढंच म्हणून विषय बदलायच्या. रोज संध्याकाळी आईची खोली आवरायचं कामही ठिपकीचंच. ती फरशी पुसायची, मळलेले तुकडे तांदळाच्या कण्यांत घोळवून स्वच्छ करायची, आणि झालेलं चित्र बटर पेपर घालून फोल्डरमध्ये ठेवायची.

"दिवा लाव," बाई म्हणाल्या. "आणि तो फोल्डर काढ."

"उद्या उजेडात बघ ना," ठिपकी म्हणाली.

"महिनाभर उद्याच बघतेय मी. काढ."

पहिलं चित्र बाहेर आलं तेव्हा बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. तेलाची बाटली, दोन लिंबं, पांढरा कपडा. त्यांनी पाहिलं. परत पाहिलं. लिंबाचा पिवळा अगदी लिंबाचा होता, आणि त्याची कपड्यावर पडलेली सावली जांभळी होती. काळी नाही, करडी नाही, जांभळी, पिवळ्याच्या बरोबर समोरची. वर्गात पहिल्याच दिवशी त्या हेच शिकवायच्या. लाल, पिवळा, निळा हे तिघं, बाकी सगळी त्यांची पिलावळ. वर्तुळात मांडले की जो ज्याच्या समोर येतो तो त्याचा वैरी. वैरी शेजारी बसवले तर दोघंही चमकतात, आणि एकमेकांवर रगडले तर दोघंही मातीत जातात. इथं ते शेजारी बसले होते आणि चमकत होते.

दुसरं चित्र, तिसरं, पाचवं. सगळी ठीक. नुसती ठीक नाही, चांगली. बाईंनी एवढ्या जोरात हाक मारली की नाना धावत आले.

"अहो, बघा! डोळे गेले होते, हात गेला नव्हता! हाताला सगळं पाठ आहे माझ्या!"

"छान," नाना म्हणाले. ते लेकीकडे बघत होते.

मग खुर्चीतल्या नानांचं चित्र निघालं. खिडकीजवळ खुर्चीत बसलेल्या नानांची चित्रं बाईंनी त्या चार वर्षांत इतकी केली होती की कुठलं कधीचं हे त्यांना सांगता आलं नसतं. घरात फुकट बसणारं दुसरं माणूसच नव्हतं. पण हे वेगळं होतं. यात नाना म्हातारे दिसत होते आणि ते म्हातारपण कुठे लपवलेलं नव्हतं. जबड्याखालच्या सावलीत हिरवा होता, आणि कानाच्या पाळीवर उजेड आरपार येऊन ती लाल झाली होती, आणि त्या लालमुळे तो हिरवा खरा वाटत होता.

बाई बराच वेळ बोलल्याच नाहीत. हे त्या घरात इतकं अपूर्व होतं की नानांनी खुर्ची ओढून घेतली.

"चाळीस वर्षं झगडले मी याच्यासाठी," त्या शेवटी म्हणाल्या. "माणसाच्या कातडीत हिरवा लावायचा आणि तरी माणूस आजारी दिसू द्यायचा नाही. डोळे धड होते तेव्हा जमलं नाही, आणि फुटक्या डोळ्यांनी जमलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र आहे हे." मग त्या ठिपकीकडे वळल्या. "बघतेस ना? नुसती झाडझूड करू नकोस, शीक काहीतरी."

ठिपकी काहीतरी बोलणार होती. पण तिनं बटर पेपर गोळा केले, "चहा टाकते" म्हणाली आणि निघून गेली. बाईंना वाटलं, पोरीला हेवा वाटला. त्यांना त्याचं थोडं वाईटही वाटलं, आणि मग त्या विसरून गेल्या.

सकाळी बाई सगळ्यांच्या आधी उठल्या. आनंदानं झोप लागली नव्हती, त्याचीही त्यांना तक्रार नव्हती. खोलीचा पडदा सारला, आणि लिंबाचं चित्र पुन्हा एकदा बघावं म्हणून खिडकीत तिरकं धरलं. तिरप्या उजेडात पेस्टलची प्रत्येक रेघ उभी राहते. रंग बाजूला राहतो आणि नुसता हात दिसायला लागतो.

जांभळ्या सावलीतल्या रेघा डावीकडून उजवीकडे उतरत होत्या.

बाई उजव्या हातानं काढत. त्यांच्या रेघा वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे यायच्या, जन्मभर तशाच आल्या होत्या. बाटलीच्या अंगावर, टेबलाच्या कडेवर तशा होत्याही. पण सावलीत नव्हत्या. लिंबाच्या पिवळ्यात नव्हत्या. तिथं त्यांच्या रेघांवर दुसऱ्या रेघा बसल्या होत्या, उलट्या अंगाच्या, नीट, बेतानं टाकलेल्या. त्यांनी दुसरं चित्र धरलं, तिसरं धरलं. जिथं जिथं रंग बरोबर होता तिथं तिथं रेघ उलटी होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

ठिपकी कामावर जायच्या तयारीत खाली आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचे कप नव्हते, चित्रं होती. नाना भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा आधीच पडला होता.

"ही रेघ कुणाची?" बाईंनी विचारलं.

"कुठली?"

"कुठली म्हणून विचारू नकोस. कुठली ते तुला चांगलं माहितेय. किती चित्रांवर हात फिरवलास?"

ठिपकीनं पिशवी खुर्चीवर ठेवली. खोटं बोलण्यात अर्थ नाही हे तिला दिसत होतं.

"सगळ्यांवर," ती म्हणाली.

"सगळ्यांवर!" बाईंनी नानांकडे पाहिलं. "आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"मला रंगातलं काय कळतंय," नाना म्हणाले.

"काखा वर करू नका! ठाऊक होतं की नाही?"

"होतं."

"म्हणजे घरात एक चोर आणि एक राखणदार. आणि मी काल नाचतेय, हात गेला नव्हता म्हणून! तुम्ही दोघं उभे राहून बघताय!"

"आई, ऐक," ठिपकी म्हणाली. "ते बाळाचं चित्र आठवतंय? पहिल्या वर्षीचं? त्याचे गाल हिरवे केले होतेस तू. नुसते हिरवे. त्या बाळाची आई ते घरी बघून गेली आणि दुकानात येऊन मला म्हणाली, तुमच्या आईंना म्हणावं राहू दे आता. आणि हसली. मग मी त्या दिवशी पॅक करता करता गाल दुरुस्त केले. तिनं चित्र नेलं, खूश झाली. मग पुढचं आलं. मग त्याच्या पुढचं."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं होतं! डोळे तपासून घे म्हणाले, तर तू पाट्याएवढा बोर्ड फेकून मारलास."

"फेकला नव्हता. पडला."

"समोरच्या भिंतीवर पडला?"

"माझ्या कानाजवळून गेला," नाना म्हणाले, आणि लगेच बोललो ते चुकलं असं त्यांना वाटलं.

"म्हणून चोरून करायचं?" बाईंचा आवाज आता गल्लीत ऐकू जात असणार. "मी काय भिंत आहे? पहिला हात बिघडला, मार दुसरा हात! तुझ्या दुकानात चालत असेल ते. वाईट झालं असतं तर वाईट झालं असतं! माझं वाईट माझं होतं!"

"लोक हसले असते तुला."

"हसू द्यायचं होतंस! हसले असते तर मी चिडले असते, दोन दिवस जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले असते. कोणी हसलंच नाही. सगळे वा वा करत राहिले, आणि मला वाटलं माझे डोळे ठणठणीत आहेत. तू दुरुस्त करत राहिलीस म्हणून मी चार वर्षं आंधळी राहिले!"

ठिपकी खाली बघू लागली. नानांनी पण कधी या बाजूनं विचार केला नव्हता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पण बाईंना उत्तर नकोच होतं. चार वर्षांत आपण काय केलं, त्यात आपलं म्हणून काही शिल्लक आहे का, एवढंच त्यांना आता बघायचं होतं. ते बघता येत होतं. बाई चित्रावर रंग पक्का बसवणारा फिक्सेटिव्हचा फवारा कधीच मारत नसत. त्यानं रंग ओले होऊन काळवंडतात, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे वरचा थर अजून सुटा होता. राठ केसांचा ब्रश घेतला आणि झटकला, तर तो निघून खालचा दिसला असता.

"आता मी माझं बघणार आहे," त्या म्हणाल्या, ब्रश घेऊन आल्या आणि टेबलावरची चित्रं उलटीपालटी करू लागल्या. कुठं निम्म्यात उलट्या रेघा होत्या, कुठं कोपऱ्यात. मग खुर्चीतल्या नानांचं चित्र हातात आलं. ते त्यांनी उजेडाकडे तिरकं केलं आणि त्यांचे कान तापले. त्यात एक रेघ त्यांची नव्हती. कपाळ, कान, कोट, खुर्ची, खिडकी, जिथं बघावं तिथं ठिपकीचा हात.

"इथं तर बोटभर जागा सोडली नाहीस! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र, आणि त्यावर पार पांघरूण घातलंस?"

"ते नको," नाना एकदम पुढे झाले. "अगं, दुसरं कुठलंही घे. ते नको."

"का? तुमचा चेहरा आहे म्हणून?"

"तसं नव्हे. आधी ऐकून तर घे."

"चार वर्षं गप्प होतात ना? आता पण गप्प बसा!"

"आई, थांब," ठिपकी म्हणाली. "त्याच्या खाली..."

"त्याच्या खाली मी आहे!" बाई ओरडल्या. "तुझ्या खाली मी आहे, आणि मला बाहेर यायचंय. पुढे झालीस तर याद राख!"

ठिपकीनं चित्र धरायला हात पुढे केला होता. तो तिनं मागे घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि मग त्यावरही राग चढला, अगदी आईसारखाच.

"पूस," ती म्हणाली.

बाईंनी चित्र बोर्डावर उभं केलं आणि ब्रश चालवला. कपाळावरचा गुलाबी उडाला. कानाची लाल पाळी एका फटक्यात गेली. हिरवा जबड्याखालून निसटून टेबलावर सांडला. नाना "डोळ्यांत जाईल, डोळ्यांत जाईल" म्हणत राहिले. बाई घासत राहिल्या. खालून काहीतरी येईल, चुकीचं का होईना, तपकिरी, मळकट, वेडंवाकडं, पण आपल्या अंगानं झुकलेलं येईल, म्हणून घासत राहिल्या.

खालून कागद आला.

बाई कोऱ्या कागदावर कधी काम करत नसत. आधी गेरूचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की मगच पहिली कांडी. ही त्यांची पद्धत विद्यार्थ्यांनासुद्धा पाठ होती. या कागदाला गेरू नव्हता. तो दुकानातून आला तसा पांढरा होता, आणि त्यावर कडक कांडीनं केलेलं सुरुवातीचं रेखाटन पुसट उरलं होतं. खुर्चीची पाठ, नानांचा खांदा, वाकलेली मान. त्या रेघाही डावीकडून उजवीकडे उतरत होत्या.

बाईंचा हात थांबला.

"माझं कुठंय?" त्यांनी विचारलं.

ठिपकीनं नानांकडे पाहिलं. मग नाना म्हणाले, "तू काळा चष्मा लावून आत पडून होतीस. सुटीच्या दिवशी मी बसत होतो तिच्यासमोर."

"गॅलरीवाल्याला चित्रं कमी पडत होती," ठिपकी म्हणाली. ती आता ओरडत नव्हती. "तुझ्या चित्रांतलं एक काही केल्या सुधारेना. कागदाचा खरखरीतपणाच भरून गेला होता, रंग धरत नव्हता. म्हणून मी नवं काढलं. पहिल्यापासून. आणि तुझ्या चित्रांत ठेवून दिलं. मला बघायचं होतं, तुला ते वेगळं दिसतं का."

बाईंनी ब्रश टेबलावर ठेवला.

"मी विशीत होते तेव्हा तू म्हणाली होतीस, तुझा हात बरा आहे पण डोळा नाही. तू रंग मोजतेस, बघत नाहीस. मी ऐकलं आणि डब्यात रंग मोजायला गेले. काल तू तासभर माझा हिरवा बघत होतीस. आणि मग मला म्हणालीस, शीक काहीतरी."

तिनं पिशवी खांद्याला लावली.

"थांब," बाई म्हणाल्या. त्यांच्या हाताला, बाहीला, गळ्याला नानांच्या चेहऱ्याचा रंग लागला होता. "नानांना बसव. कागद आहे, कांड्या आहेत. आत्ता काढ. पुन्हा काढ."

"नाही."

"का नाही? मी सांगतेय ना!"

"तू सांगतेयस म्हणूनच," ठिपकी म्हणाली आणि गेली. दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाईंना इतका राग आला होता की उभं राहवेना. त्यांनी नानांवर ओरडून पाहिलं, ते मान खाली घालून ऐकत राहिले, आणि मध्येच बाईंचं ओरडणं आपोआप संपलं. त्यात काही जीव नव्हता. चोरी झाली होती, फसवणूक झाली होती, तो राग खरा होता आणि तो त्यांनी एक कणभरही परत घेतला नसता. पण काल रात्री दिव्याखाली त्यांनी जे चित्र पाहिलं होतं ते आता जगात नव्हतं, आणि ते घालवणारा हात त्यांचाच होता. असं चित्र काढणारं माणूस रोज संध्याकाळी त्यांच्या पायाखालची फरशी पुसत होतं, आणि जन्मभर रंग बघायला शिकवणाऱ्या बाईंना ते दिसलं नव्हतं. मोतीबिंदूच्या खूप आधीपासून दिसलं नव्हतं. बाईंना स्वतःची शिसारी आली.

दारावरची बेल वाजली. गॅलरीवाला ठरल्याप्रमाणे चित्रं न्यायला आला होता. बगलेत चित्रं गुंडाळायचं कापड, हातात पुडकं, चेहऱ्यावर हसू.

"बाई, डोळे कसे आहेत? बघा, आमंत्रणं छापून आली!" त्यानं पुडकं फोडून वरचं कार्ड बाईंच्या हातात दिलं. "ठिपकीताईंनी फोटो पाठवले होते, त्यातलं हेच घेतलं. खरं सांगू? इतकी वर्षं तुमची चित्रं विकतोय, पण असं चित्र नाही पाहिलं. बघणारे नुसते उभे राहतील."

कार्डावर नाना खुर्चीत बसले होते. कानाची पाळी लाल होती. जबड्याखाली हिरवा होता, छपाईत थोडा उतरलेला, पण होता. खाली मोठ्या अक्षरांत बाईंचं नाव होतं.

बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. त्यांना ते आता अगदी स्पष्ट दिसत होतं.

"नाव चुकलंय," त्या म्हणाल्या.

"काय चुकलं? दोनदा तपासलंय मी."

"हे चित्र माझं नाही. ठिपकीचं आहे. बाकीची अर्धी माझी, अर्धी तिची आहेत. ही कार्डं वाटायची नाहीत."

गॅलरीवाला आधी हसला, मग नानांकडे बघून त्याचं हसू मावळलं. "बाई, सगळीकडे सांगून झालंय. आता मी काय नाव घालू? तुमचं तर तुमचं, त्यांचं तर त्यांचं, पण प्रदर्शन तर करावं लागेल ना?"

"मला विचारू नका. जिचं चित्र आहे तिला विचारा. ती कामावर गेलीय."

"बरं, विचारतो. पण मूळ चित्र तरी द्या, फ्रेमला टाकतो. कुठंय ते?"

बाई बाजूला झाल्या. टेबलावर बोर्डाला टेकून एक पांढरा कागद उभा होता आणि त्याच्या पायाशी गुलाबी, हिरव्या, लाल धुळीचा ढीग पडला होता. गॅलरीवाल्याला काही कळेना. तो कागदाकडे बघत राहिला, मग धुळीकडे, मग हातातल्या कार्डांकडे.

"हे... हे कुणी केलं?"

"मी," बाई म्हणाल्या. "आणि आता तुम्ही मला एक शब्द बोलू नका, नाहीतर अंगावर धावून येईन तुमच्या. बोलायचं ते तिनं बोलायचं. मी इथंच बसलेय."

त्या खरंच बसल्या, दाराकडे तोंड करून, हात न धुता. गॅलरीवाल्यानं घड्याळात पाहिलं आणि ठिपकीचं दुकान किती वाजता बंद होतं ते नानांना हळूच विचारलं. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते.